दुखणे मुलाचे, मोजपट्टी कुणाची?

गरीब देशांतील तरुणांच्या मनाच्या दुखण्यावर उपचार कसे घडवावेत, याचा विचार आज जगभर चालू आहे. आपल्याकडील त्याचे जाणते उदाहरण म्हणजे गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेचा २०१६ साली सुरू झालेला ‘प्राइड’ प्रकल्प. दलित विद्यार्थ्याच्या बाजूने त्याची तपासणी व्हायला हवी.

आधी त्याचे मोठेपण मान्य करू. मानसोपचारतज्ज्ञ मूठभर आणि मुले कोट्यवधी. म्हणून थोडे प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांनी समुपदेशन करावे असे ठरले. मुलांना आधी विचारले गेले. त्यांच्या तोंडी आजाराचे नाव नव्हते, ‘टेन्शन’ हा शब्द होता. दिल्लीच्या सहा सरकारी शाळांत नववी ते बारावीच्या २५१ विद्यार्थ्यांवर चाचणी झाली. निम्म्यांना पुस्तिका आणि तीन आठवड्यांत समुपदेशकाबरोबर चार-पाच बैठकी. उरलेल्यांना नुसत्या पुस्तिका. पद्धत सोपी: प्रश्न नेमका करा, पर्याय मांडा, एक निवडून करून पाहा. तिचे मूळ अमेरिकेत द'झुरिला आणि गोल्डफ्राइड यांनी १९७१ साली केलेल्या मांडणीत आहे.

निकाल २०२० साली आला. मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेल्या प्रश्नाची तीव्रता समुपदेशनाने अधिक उतरली. इंग्लंडमध्ये तयार झालेल्या लक्षणांच्या प्रश्नावलीवर मात्र सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे मुलाचा शब्द धरला तेव्हा काही हलले. माझ्या मते या प्रयोगाची खरी कमाई हीच आहे.

पण त्या शब्दाचे पुढे काय होते? त्याचा शून्य ते दहांमधला एक आकडा होतो. ‘गणित जमत नाही’ याचे आठ आणि ‘मला वेगळे बसवतात’ याचेही आठ. आकडा उतरला की उपचार यशस्वी.

साताऱ्याच्या शाळेतील बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. गोणपाटावर वेगळे बसायचे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, नाहीतर तहानलेले राहायचे. या मुलापुढे समुपदेशक कोणते पर्याय मांडील? घरून पाणी आण, शिपायाला आधीच सांगून ठेव. दोन्ही पर्याय शहाणपणाचे आहेत, आणि त्यांनी त्या दिवसाचे टेन्शन कमीही झाले असते. पण २० मार्च १९२७ चे चवदार तळे त्या यादीत कुठे बसते? एकट्या मुलाला जो पर्याय परवडतो तेवढाच या पद्धतीला दिसतो. समूहाने मिळून व्यवस्था बदलणे हाही प्रश्न सोडवण्याचा मार्ग आहे, याला तिच्यात जागा नाही.

मी महाविद्यालयात शिकवतो. माझ्या घरातला पहिला पदवीधर मीच. शिष्यवृत्तीची यादी वाचली जाताना मान खाली घालणारी मुले मी दरवर्षी पाहतो. विचारले तर म्हणतात, “काही नाही सर, टेन्शन आहे.” त्या शब्दामागचे सांगायचे की नाही, हे समोरच्याचे आडनाव कळल्यावर ठरते. समुपदेशक साधा माणूस असला म्हणून तो जातीबाहेरचा होत नाही.

रोहित वेमुला जानेवारी २०१६ मध्ये गेला, डॉ. पायल तडवी मे २०१९ मध्ये गेली. त्यानंतर संस्थेत एक समुपदेशक नेमला की भागले, असे कुणी समजू नये.

माझी मागणी उपचार नाकारण्याची नाही. रात्री झोप न येणाऱ्या मुलाला क्रांतीपर्यंत थांब असे सांगणे हा क्रूरपणा आहे. त्याला आज आधार हवा. पण समुपदेशक आपल्या वस्त्यांतूनही निवडले जावेत. मुलांनी सांगितलेले प्रश्न, नावे गुप्त ठेवून, कारणांसह नोंदवले जावेत आणि ती नोंद शाळेपुढे ठेवली जावी. आणि दुसऱ्या मोजणीत मुलाबरोबर शाळेलाही मोजावे: तिथे नळ कोण सोडतो, कोण कुठे बसतो, यादी कशी वाचली जाते. मूल किती बदलले एवढेच विचारणारी मोजपट्टी आपल्या उपयोगाची नाही.