नायक, फितूर आणि गोडसे भटजी

ग्वाल्हेरच्या मराठी घराण्यांचे इतिहास वाचायला बसलं की एक गोष्ट हमखास भेटते. प्रत्येकाचा मूळ पुरुष शिंद्यांच्या फौजेबरोबर तलवार घेऊन इकडे आलेला असतो. मुदपाकखान्यात कामाला आलेला मूळ पुरुष कुणाच्याच घराण्यात नाही! एवढ्या फौजेला मग जेवू कोण घालत होतं?

माझ्या मते याचं मूळ आपल्या वाचनात आहे. ऐतिहासिक साहसकथांवर आपण वाढलो, आणि त्या कथांत जागा ठरलेल्या असतात: शूर नायक, जिवाला जीव देणारा सोबती, संकटात सापडलेली स्त्री, खलपुरुष आणि फितूर. हरिभाऊ आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ घ्या. इतिहासातला उदयभानू हा मोगलांच्या चाकरीतला रजपूत किल्लेदार. तानाजी चढून आला तेव्हा तो आपली नोकरी बजावत होता. पण तेवढ्यावर कादंबरीतला खलपुरुष उभा राहत नाही, म्हणून हरिभाऊंनी त्याच्या कैदेत कमलकुमारी आणून ठेवली. कादंबरीकाराला ती मुभा आहेच. पंचाईत होते ती हेच साचे घेऊन आपण स्वतःच्या शहराकडे पाहतो तेव्हा.

१ जून १८५८. मुरारजवळ जयाजीराव शिंद्यांची फौज तात्या टोपे आणि राणीच्या बाजूला गेली; जयाजीराव आणि दिवाण दिनकरराव राजवाडे आग्र्याला निघून गेले. त्याच महिन्यात राणी इथे पडली. फूलबागेतल्या समाधीपुढे उभं राहिलं की कथेतल्या जागा आपोआप भरतात. राणी नायिका, जयाजीराव फितूर. बाहेरचे लोक तसं म्हणतातच, आणि आपण लष्करातली मराठी माणसं एकतर गप्प बसतो नाहीतर तावातावाने शिंद्यांची वकिली करतो. दोन्हीत साचा तोच राहतो. पंचविशीही न गाठलेला राजा, पगार आपला पण मन दुसरीकडे असलेली फौज आणि इंग्रजांशी झालेला तह, एवढं सगळं ‘फितूर’ या एका शब्दात मावत नाही. त्याला दोषमुक्त करा असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी त्याचे सैनिक त्याला सोडून गेले. मग फितूर नेमकं कोण, हा प्रश्न तरी पडायला हवा.

म्हणूनच मला विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ कोणत्याही साहसकथेपेक्षा मोठा वाटतो. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. घरात कर्ज, आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार अशी बातमी. दक्षिणेच्या आशेनं काकांबरोबर निघाला तो थेट १८५७ च्या धामधुमीत सापडला. असा भटजी कादंबरीत आला तर हसवायला येतो, नाहीतर वेष पालटलेला हेर निघतो. इथे मात्र सगळी गोष्ट त्याचीच आहे. तो घाबरतो, दक्षिणेचा हिशोब ठेवतो, झाशी पडल्यावर लपून बसतो, कमावलेलं लुटलं जातं, तरी पुढे चालत राहतो. शौर्याचा आव कुठेच नाही. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी त्याला राणी भेटते. थकलेली, तहानलेली. भटजी पाणी काढू लागतात, तर ती त्यांना काढू देत नाही, स्वतः काढते. या प्रसंगातली राणी मला पुतळ्यातल्या राणीहून जास्त खरी वाटते. आणि शेवटी भटजी घरी काय आणतात? आईवडिलांना स्नान घालायला गंगेची कावड.

अर्थात गोडसेही साच्यातून पूर्ण सुटलेले नाहीत. त्यांनी लिहिलं ते पंचवीसेक वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून. इंग्रजांच्या चौऱ्याऐंशी कलमांची हकिगत ते ज्या थाटात सांगतात, तो पुराणिकाचा थाट आहे. ऐकीव मजकूर तिथे गोष्टीच्या ठरलेल्या वळणावर जातो. पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आलं की लगेच भाषा बदलते, पाणी, पैसा, वाट, भूक यांवर येते. मी तरी त्या बदलावरूनच ओळखतो की आता माणूस पाहिलेलं सांगतोय.

आपल्या घरांतही अशी माणसं होती. कारकून, आचारी, पुजारी, दायी. त्यांच्या सनदा नाहीत, म्हणून लेखांत जागा नाही. तलवार दिवाणखान्यात राहते आणि किराणाच्या वह्या दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत जातात. त्या वह्या कुणाकडे अजून असतील तर बैठकीला जरूर घेऊन या. मोडी वाचणारे आपल्यात अजून आहेत.

आणि ‘माझा प्रवास’ वाचणार असाल तर १९०७ ची वैद्यांची आवृत्ती नको. त्यांनी भटजींच्या लेखनावर बराच हात फिरवलाय. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून काढलेली प्रत मिळवा. वाचायला जरा जड जाते, पण भटजी तिथे आहेत.