‘झेनॉस’ : मृत्यू, स्मरण आणि नर्तकाचे शरीर

प्रस्तावना

पहिल्या महायुद्धाच्या (१९१४–१८) शताब्दीनिमित्त ब्रिटनमध्ये ज्या कलाकृतींची निर्मिती झाली, त्यांत अक्रम खान यांच्या ‘झेनॉस’ या समकालीन नृत्यकृतीचे स्थान महत्त्वाचे आहे. तिचा पहिला प्रयोग फेब्रुवारी २०१८ मध्ये अथेन्स येथे झाला. ग्रीक भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘परका’ असा आहे. हा परका म्हणजे साम्राज्याच्या युद्धात लढण्यासाठी परमुलखात गेलेला हिंदी शिपाई होय. या युद्धात सुमारे ७४ हजार हिंदी सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांचे स्मरण नृत्याने कसे केले आणि आपल्याकडील वीरगळांच्या परंपरेशी ते कोठे जुळते व कोठे वेगळे होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आशय व रचना

लंडनमध्ये जन्मलेल्या, बांगलादेशी कुटुंबातील अक्रम खान यांचा पाया कथकाचा आहे. कृतीचा आरंभ गायन आणि तालवाद्य यांच्या मैफलीने होतो. पुढे रंगमंचावरील सामान दोरांनी उतारावरून वर ओढले जाते आणि मैफलीची जागा खंदक घेतो. नर्तकाच्या पायांतील घुंगरू सुटतात व छातीवर काडतुसांच्या पट्ट्यासारखे येतात. ज्या वस्तूने शरीराला लय दिली, तीच त्याला युद्धाला जुंपते. ग्रामोफोनमधून मृतांची नावे ऐकू येतात आणि त्याचाच कर्णा शोधदिव्यासारखा नर्तकावर रोखला जातो. स्मरण करणारे यंत्र आणि पाळत ठेवणारे यंत्र येथे एकच आहे. सैनिकांची नावे प्रथम साम्राज्याच्या कागदपत्रांतच नोंदली गेली, हे कटू सत्य या एका प्रतिमेत सामावले आहे.

वीरगळ आणि उतार

भाईंदरहून लोकलने अवघ्या काही स्थानकांवर असलेल्या बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळ आहेत. त्यांवर नौकायुद्धाची दृश्ये कोरलेली आहेत. वीरगळाची रचना सामान्यतः खालून वर वाचावयाची असते. तळाशी युद्ध व मरण, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाचे पूजन आणि माथ्यावर चंद्रसूर्य, असा हा क्रम असतो. मृत्यूचे तेथे उन्नयन होते आणि त्यामुळे मागे राहिलेल्यांचे सांत्वनही होते.

‘झेनॉस’मधील गती याच्या उलट आहे. नर्तक उतारावर पुनःपुन्हा चढतो आणि घसरतो. त्याला नेण्यास कोणी अप्सरा येत नाही. अंगाला माती लागते आणि अखेरीस उतारावरून पाइन वृक्षाची फळे गडगडत खाली येतात. येथे स्मरण आहे, परंतु गौरव नाही. प्रस्तुत लेखिकेच्या मते या कृतीचे खरे सामर्थ्य सांत्वनाच्या या नकारात आहे.

मर्यादा

तथापि एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. कृतीत प्रॉमिथिअसच्या ग्रीक पुराणकथेचा आधार घेतलेला आहे. उत्तरार्धात शिपाई हळूहळू अखिल मानवजातीचे प्रतीक बनतो, आणि ज्याला विस्मृतीतून बाहेर काढावयाचे होते तोच पुन्हा अनामिक होतो. १९१६ मध्ये कूत येथे शरण जावे लागलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणींचे जवान होते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावी त्या युद्धात कामी आलेल्या ४६ जवानांचे स्मारक आहे. या जवानांना गाव होते, भाषा होती, घरी वाट पाहणारी माणसे होती. पुराणकथेची व्यापकता हा तपशील पुसून टाकते.

निष्कर्ष

दगड टिकतो, नृत्य प्रयोगासोबत संपते. म्हणून नृत्य हे स्मारकाचे दुबळे माध्यम आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मृताच्या नाशवंत देहाचे स्मरण दुसऱ्या नाशवंत देहानेच करावे, यात एक प्रामाणिकपणा आहे. पूर्ण लांबीची ही आपली अखेरची एकल कृती असल्याचे खान यांनी जाहीर केले होते. थकणाऱ्या देहाची ही जाणीव प्रत्येक चक्करीत आणि तत्कारात उतरते. वीरगळ आपल्याला नमस्कार करावयास लावतो; ‘झेनॉस’ विचारते की, हा मनुष्य तेथे मेलाच का? युद्धाचा इतिहास शिकविणाऱ्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांपुढे एकसरचा दगड आणि हा प्रश्न, दोन्ही ठेवावयास हवेत.