बहिर्जीला नायक कधी करणार?

'डॉ. नो' १९६२ साली आला आणि जेम्स बाँडची मालिका २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंत पंचवीस चित्रपटांवर पोचली. नट बदलले, शत्रू बदलले, मालिका टिकली. 'डॉ. नो'च्या सुमारासच मराठीत अशी मालिका सुरू झाली असती तर? हा प्रश्न मी करमणूक म्हणून विचारत नाही. कच्चा माल आपल्याकडे ढिगाने होता. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड घरोघर वाचले जात होते. पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला. दोघांच्याही नावावर हजारावर पुस्तकं आहेत. पडद्यावर त्यांतून एकही मालिका उभी राहिली नाही.

मराठीचा बाजार छोटा, हे कारण मला पटत नाही. आमच्या सास्तूर गावाहून उमरगा ओलांडलं की कर्नाटक. तिथे १९६८ साली 'जेडर बले'मध्ये राजकुमार सीआयडी ९९९ झाले आणि लगेच याच गुप्तहेराला गोव्याच्या मोहिमेवर धाडण्यात आलं. १९७८ पर्यंत चार चित्रपट झाले. बाँडची छाप त्यांच्यावर उघड दिसते, पण कन्नड प्रेक्षकाला आपल्या भाषेत बोलणारा गुप्तहेर मिळाला. आपण मात्र त्या काळात तमाशापट आणि घरगुती गोष्टी यांतच रमलो.

मी हा इतिहास वेगळा लिहायला बसलो तर पहिला चित्रपट सास्तूरच्या आसपास, १९४८ सालात घडेल. तेव्हा हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, उस्मानाबाद जिल्ह्यात. पलीकडे बार्शी, सोलापूर स्वतंत्र भारतात. मधल्या सरहद्दीवर स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प होते आणि निजामाचे करोडगिरी (जकात) नाके. त्याच वर्षी सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानं उडवून निजामाला शस्त्रं पोचवत होता. त्यातली काही इथून जवळच्या बीदरला उतरत. याच माणसाने महायुद्धाच्या तोंडावर खासगी विमानात छुपे कॅमेरे बसवून जर्मनीचे फोटो काढले होते. इयान फ्लेमिंगशी त्याचा स्नेह होता आणि बाँडच्या घडणीत त्याचाही वाटा असल्याचं सांगितलं जातं. बाँडचा एक मूळपुरुष आपल्या डोक्यावरून उडत गेला, आणि आपल्याला त्यात पटकथा दिसली नाही!

आता त्याच्यासमोर आपला माणूस कोण? माझ्या मते बहुरूपी. खाकी कपडे, हातात वेताची छडी, बगलेत खोट्या वॉरंटाचं भेंडोळं. फौजदार बनून तो ओसरीवर येतो, पाटलालाच दरडावतो, पोरं दाराआड पळतात आणि शेवटी सूपभर ज्वारी घेऊन तो पुढच्या घरी जातो. करोडगिरी नाक्यावर हा माणूस कडब्याची गाडी घेऊन उभा आहे, कडब्याखाली पत्रकं आहेत आणि नाकेदाराला तो पूर्वी कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो, एवढ्यावर अर्धा तास चित्रपट श्वास रोखून चालेल. शेवट १३ सप्टेंबरला, सोलापूरहून येणारी भारतीय फौज नळदुर्गच्या पुलाशी पोचते तिथे.

आजची स्थिती पाहिली की हे स्वप्न अगदीच हवेतलं वाटत नाही. दिग्पाल लांजेकरांच्या शिवकालीन चित्रपटांत शिवाजी महाराजांचा हेर बहिर्जी नाईक पुन्हा पुन्हा येतो. 'फर्जंद'मध्ये (२०१८) तो प्रसाद ओकांनी केला, 'फत्तेशिकस्त'मध्ये (२०१९) हरीश दुधाडेंनी. बाँडसारखंच पात्र तेच, नट वेगळे. पण बहिर्जी तिथे बातमी आणून देतो आणि बाजूला होतो. कॅमेरा तलवारींकडे वळतो. वेषांतराची दृश्यं टाळ्या घेतात, पण त्या वेषात दिवस काढणाऱ्या माणसाची भीती, त्याचा एकटेपणा, पकडला गेलो तर घरच्यांना कळणारही नाही ही जाणीव फारशी दिसत नाही. हेरकथेचा जीव तिथेच असतो. सुरतेच्या मोहिमेआधी तो त्या शहरात काय पाहत होता, कुणाशी बोलत होता, यावर एक पूर्ण चित्रपट होऊ शकतो.

हिंदीत 'एक था टायगर'पासून गुप्तहेर म्हणजे देशोदेशींचे पाठलाग आणि स्फोट असं ठरून गेलं आहे. त्या पैशांशी मराठीने बरोबरी करू नये. बहुरूपीला लागतं ते धाडस, भाषेच्या लकबींची जाण आणि चांगला नट. हे तिन्ही मराठी रंगभूमीकडे भरपूर आहे. निर्मात्यांनी आता युद्धाचे देखावे थोडे आवरावेत आणि पुढचा चित्रपट बहिर्जीच्या नावाने काढावा. आणि त्यानंतरचा नळदुर्गच्या वाटेवर.