सोझाबॉय कुणाच्या बाजूने लढला?

कानोच्या विमानतळावर न्नाएमेका नावाचा एक तरुण कस्टम अधिकारी आहे. समोरचा इंग्रज प्रवासी आपली इग्बो भाषा बोलतो म्हणून तो हरखलेला असतो. थोड्याच वेळात सैनिक आत शिरतात आणि त्याला ‘अल्लाहू अकबर’ म्हणायला सांगतात. तो गप्प राहतो. शब्द त्याला माहीत असतात, पण तोंड उघडलं की आपला हेलच आपल्याला पकडून देणार, हेही कळलेलं असतं. गोळी सुटते.

चिमामांडा न्गोझी अदिचीच्या ‘हाफ ऑफ अ यलो सन’ (२००६) मधला हा प्रसंग वाचून मी फोन बाजूला ठेवला होता. कथा-कादंबऱ्या माणसं जोडतात, असं आपण सहज म्हणतो. इथे तर देश उसवताना दिसतो.

नायजेरिया १९६० साली स्वतंत्र झाला. हौसा, योरुबा, इग्बो आणि शेकडो लहान समाज, सगळ्यांचा मिळून एक देश. १९६६ मध्ये उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या. मे १९६७ मध्ये पूर्वेचा भाग ‘बियाफ्रा’ म्हणून फुटून निघाला आणि जानेवारी १९७० मध्ये उपासमारीने खंगून शरण आला. मग सरकारने जाहीर केलं की या युद्धात कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. ऐकायला उदार, पण लाखो मेलेल्यांचा हिशेब त्यात कुठेच नव्हता. तो अदिचीने मांडला. तिचा जन्म १९७७ चा, आणि दोन्ही आजोबा त्या युद्धात गेलेले.

ओडेनिग्बो या प्राध्यापकाच्या दिवाणखान्यातला वाद मला फार आवडतो. तो म्हणतो, नायजेरियन ही ओळख गोऱ्यांनी चिकटवलेली, माझी खरी ओळख इग्बो. मित्र विचारतो, पण तू इग्बो आहेस हे तरी तुला गोऱ्यांमुळेच कळलं ना? ओडेनिग्बो चिडतो. कादंबरी मात्र निकाल देत नाही. पुढे कळतं की युद्धाबद्दलचं ते पुस्तक इंग्रज रिचर्डने नाही, तर त्याच घरातला नोकर उग्वू याने लिहिलंय. आणि हा उग्वू निष्पाप नाही. सक्तीने सैन्यात ओढला गेल्यावर त्याने एका मुलीवरच्या सामूहिक बलात्कारात भाग घेतलाय. स्वतःच्या बाजूचा गुन्हा लेखिकेने लपवला नाही, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवतो.

तरी एक तक्रार आहे. कथा तिघांच्या नजरेतून येते: दोन इग्बो आणि एक इंग्रज. हौसा मोहम्मद देखणा, सज्जन, वेळेला धावून येणारा. पण त्याच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला कधीच कळत नाही. बियाफ्राच्या हद्दीत राहणारे, पण इग्बो नसलेले लोकही कडेलाच उभे.

त्यांच्यासाठी केन सारो-विवाची ‘सोझाबॉय’ (१९८५) वाचावी लागते. सारो-विवा ओगोनी, त्याच पूर्वेतल्या एका छोट्या समाजाचा, आणि युद्धात केंद्र सरकारच्या बाजूचा. पुढे १९९५ मध्ये लष्करी राजवटीने त्याला फासावर चढवलं. त्याच्या कादंबरीतल्या डुकाना गावच्या मेनेला सैनिकाच्या गणवेशाची हौस असते. युद्ध कशासाठी आहे हे त्याला शेवटपर्यंत नीट कळत नाही. तो दोन्ही बाजूंच्या हाती सापडतो. घरी परततो तेव्हा आई आणि बायको गेलेल्या असतात, आणि गावकरी त्यालाच भूत समजतात. अदिचीला बियाफ्रा हे एक मोडलेलं स्वप्न वाटतं. मेनेला ते स्वप्न कधी पडलंच नव्हतं.

म्हणून मला वाटतं, नायजेरियाची ओळख या दोनपैकी एका पुस्तकात सापडणार नाही. ती या दोघांच्या भांडणात आहे.

‘सोझाबॉय’ची भाषा सुरुवातीला छळते. पिजिन, मोडकंतोडकं आणि अधूनमधून शुद्ध इंग्रजी, अशी ती भेसळ आहे. सारो-विवाने स्वतःच तिला ‘सडकी इंग्रजी’ म्हटलंय. पहिली काही पानं मोठ्याने वाचा, मग कान सरावतो. ही भाषा ना इग्बोंची, ना हौसांची, ना साहेबाची, आणि न्नाएमेकाला पकडून देणारा हेल तिच्यात ऐकू येत नाही.