कालयंत्र आणि सुरतेचा तह

कालयंत्र निर्माण करता येईल काय, हा प्रश्न शास्त्राचा आहे. ते लाभल्यास आपण कोठे जाऊ, हा साहित्याचा. एच. जी. वेल्स यांच्या १८९५ सालच्या कादंबरीतील प्रवासी दूरच्या भविष्यकाळात गेला. मराठी मनाची ओढ मात्र भूतकाळाकडे, आणि त्यातही आपल्या पराभवांकडे.

शास्त्राचा कौल प्रथम पाहू. भविष्याकडे जाण्यास प्रत्यवाय नाही. १९७१ साली विमानांतून पृथ्वीप्रदक्षिणा करविलेली अणुघड्याळे जमिनीवरील घड्याळांशी तुलना करता अब्जांश सेकंदांच्या हिशेबात मागेपुढे झाली, आणि ती आईन्स्टाइन यांच्या सिद्धान्तानुसारच. भूतकाळाची वाट मात्र कागदावरच आहे. फिरत्या विश्वात काल वळून स्वतःस मिळू शकतो, असे गोडेल यांनी १९४९ साली गणिताने दाखविले. १९८८ साली किप थॉर्न व त्यांचे सहकारी यांनी अवकाशातील विवरमार्गाची कल्पना मांडली. परंतु तो मार्ग उघडा राखण्यास ऋण ऊर्जा हवी. निसर्गनियमच अशा यंत्रास आडवे येत असावेत, असा तर्क हॉकिंग यांनी १९९२ साली केला.

जयंत नारळीकर हे स्वतः या शास्त्राचे अधिकारी. म्हणूनच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत त्यांनी यंत्र टाळले, याचे आम्हांस महत्त्व वाटते. गंगाधरपंत मागे जात नाहीत. एका अपघातासरशी ते वर्तमानाच्याच निराळ्या रूपात जाऊन पडतात. तेथे १७६१ साली मराठे जिंकलेले आहेत, कारण विश्वासरावांवर झाडलेली गोळी कानाजवळून निसटली आहे. घडलेले येथे पुसले जात नाही. त्याच्या शेजारी न घडलेले उभे राहते. हा कथेचा प्रामाणिकपणा होय. तथापि, साऱ्या इतिहासाचा भार एका गोळीवर टाकल्याने एक प्रश्न निसटतो. गोळी चुकली वा लागली, तर तो योगायोग. त्यात कोणाचे उत्तरदायित्व?

या दृष्टीने सुरतेचे उदाहरण अधिक कठीण आहे. मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावांनी मुंबईच्या इंग्रजांशी सुरतेचा तह केला. पेशवेपद मिळविण्यासाठी सैन्याच्या मोबदल्यात साष्टी व वसई देऊ केली. त्यातून उद्भवलेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. समजा, कोणी कथानायक त्या दिवशी सुरतेस पोहोचला आणि त्याने तो कागद फाडला. पुढे काय? साष्टी तर इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरातच घेतली होती. रघुनाथरावांची पदलालसा तशीच राहील, मुंबईकरांचा लोभही तसाच राहील. दुसऱ्या दिवशी दुसरा कागद लिहिला जाईल. गोळी चुकविता येते. मनुष्याचा निश्चय कागद फाडून चुकविता येत नाही. तो बदलावयाचा तर त्या मनुष्याच्या अंतरंगात शिरावे लागेल, आणि ते काम कोणत्याही यंत्राचे नसून कथालेखकाचे आहे.

म्हणून अशा कथांचे मूल्यमापन करताना यंत्राची रचना कितपत पटते, एवढेच पाहून भागणार नाही. कथेने आपणांस पराभवाच्या दुःखातून सोडविले, की त्याच्या कारणांसमोर उभे केले, ही खरी कसोटी होय. पहिल्या प्रकारची कथा मनास विरंगुळा देईल. दुसऱ्या प्रकारची कथा वाचकास सुरतेच्या त्या कागदापाशी नेऊन विचारील: तेथे तुम्ही असता, तर सही केली नसती काय?