‘मोहीम’ शब्दाचें मूळ आणि त्याजागीं येणारें ‘अभियान’

एका संग्राहक स्नेह्यानें आपल्या संग्रहांतील एका मोडी पत्राची बाळबोध नक्कल नुकतीच पाहावयास दिली. मूळ पत्रांत जेथें ‘मुहीम’ असें स्पष्ट वाचतां येतें, तेथें नक्कलकारानें ‘अभियान’ असें लिहिलें आहे. समासांत खुलासा असा कीं, ‘मोहीम’ हा ‘महिमा’ शब्दाचा अपभ्रंश असल्यामुळें त्याजागीं शुद्ध संस्कृत शब्द घालण्यांत कांहीं बाध नाहीं. प्रस्तुत लेखकाचें सारें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. तेव्हां संस्कृताच्या नांवावर होणारी ही चूक त्यानेंच दाखविलेली बरी.

प्रथम व्युत्पत्ति पाहूं. ‘महिमन्’ हा शब्द पुल्लिंगी असून मराठींतही ‘महिमा’ पुल्लिंगीच राहिला. त्यापासून ‘मोहीम’ हें स्त्रीलिंगी रूप निघण्यास, आणि आरंभींच्या ‘म’चा ‘मो’ होण्यास, कांहीं आधार नाहीं. ‘मुह्’ धातूचा ‘मोह’ तर अर्थानेंच दूर पडतो. उलट फार्शींतून आलेल्या शब्दांतील ‘मुह’चा मराठींत ‘मोह’ होतो हें उघड आहे: मुहर–मोहोर, मुहर्रम–मोहरम, मुहरा–मोहरा. त्याच वाटेनें ‘मुहिम्म’ची ‘मोहीम’ झाली. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाहीं. म्हणून कागदांतील ‘हि’ किंवा ‘ही’ यावरून मूळ ठरविणें व्यर्थ होय.

‘मुहिम्म’ हा अरबी शब्द. त्याचा धातु ‘ह-म-म’. या धातूंत चिंता, आस्था आणि मनानें घेतलेला ध्यास, असे अर्थ आहेत. जें मनाला काळजी लावतें, ज्यावांचून चैन पडत नाहीं, तें ‘मुहिम्म’. म्हणजे महत्त्वाचें, निकडीचें. आपला ‘हिंमत’ हा शब्दही याच धातूचा. मोहीम आणि हिंमत या सख्ख्या बहिणी आहेत. फार्शी दरबारी लिखाणांत ‘मुहिम्मात’ म्हणजे राज्यांतील महत्त्वाचीं कामें. राजाचें सर्वांत निकडीचें काम युद्ध, म्हणून सामान्य ‘काम’ या अर्थावरून शब्द ‘लष्करी कामगिरी’ या अर्थावर आला. यांत नवल नाहीं. आपल्या बखरकारांनींही लढाईंत पडलेल्या वीरास ‘कामास आला’ असेंच म्हटलें आहे.

ही चर्चा कोशापुरती नाहीं. कागद वाचणाराला तिची पदोपदीं गरज पडते. दसऱ्याचें सीमोल्लंघन झाल्यावर फौजा निघत आणि पावसाळ्यापूर्वीं छावणीस येत. अशा पत्रांतील ‘मोहीम’ लष्करी हें सहज कळतें. १७६० च्या फेब्रुवारींत सदाशिवरावभाऊंनीं उदगीरच्या लढाईंत निजामाचा पराभव केला आणि त्याच वर्षीं ते उत्तरेकडे निघाले. या दोन्ही खऱ्या मोहिमा. परंतु ज्या पत्रांत फौज नाहीं, मुक्काम नाहीं, रसद नाहीं, केवळ ‘मुहीम आहे, सत्वर यावें’ अशा आशयाचा मजकूर आहे, तेथें निकडीचें काम एवढाच अर्थ प्रथम घेऊन पाहावा. तेथें ‘अभियान’ लिहिलें कीं न झालेली एक स्वारी इतिहासांत घुसते, आणि पुढचा लेखक तिला साल व सेनापति शोधीत बसतो. ‘मुलूखगिरी’ही निराळी. काठेवाडांत तर फौज नेऊन खंडणी वसूल करण्याच्या फेरीलाच हें नांव होतें.

आतां ‘अभियान’ पाहूं. शब्द अस्सल संस्कृत आहे, यांत वाद नाहीं. पण ‘अभि’ आणि ‘या’ मिळून अर्थ होतो शत्रूवर चालून जाणें. कौटिलीय अर्थशास्त्राच्या नवव्या अधिकरणाचें नांवच ‘अभियास्यत्कर्म’. चढाईस निघणाऱ्या राजानें काय काय पाहावें हा त्याचा विषय. १९९५ पासून बालकांना पोलिओचे थेंब पाजण्याची ‘मोहीम’ चालली, आणि पुढें २००१ सालीं ‘सर्व शिक्षा अभियान’, २०१४ सालीं ‘स्वच्छ भारत अभियान’ आलें. ज्यांना परका शब्द लढाऊ वाटला, त्यांनीं मूळ ‘आस्थेचें काम’ असा अर्थ असलेला शब्द टाकून मूळ ‘चढाई’ असा अर्थ असलेला शब्द घेतला, ही गंमत लक्षांत घेण्यासारखी आहे. शब्द रूढीनें चालतो, म्हणून नव्या लिखाणांत ‘अभियान’ चालण्यास हरकत नाहीं. परंतु तो ‘मोहीम’पेक्षां सोवळा आहे हा समज मात्र टिकत नाहीं.

असाच घोटाळा ‘क्रूसेड’ला ‘धर्मयुद्ध’ म्हणण्यांत झाला आहे. १०९५ सालीं क्लेरमाँ येथें पोप दुसरा अर्बन यानें ज्या स्वारीचा पुकारा केला, तिच्यांत जाणारे वस्त्रावर क्रूस शिवीत. त्या क्रूसावरून पुढें हें नांव पडलें. आपल्या शास्त्रांतील धर्मयुद्ध म्हणजे नियमानें केलेलें युद्ध. विषारी शस्त्र चालवूं नये, शरणागतास मारूं नये, असे नियम मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत आहेत. पंथासाठीं केलेली लढाई असा त्याचा अर्थ नव्हे. क्रूसेडला ‘क्रूसयुद्ध’ म्हणावें, म्हणजे दोन्हीं बाजूंचा मान राहतो.

शेवटीं एक कबुली देणें अवश्य आहे. प्रस्तुत लेखक शिक्षक असतांना मुलांच्या निबंधांतील ‘मोहीम’ तांबड्या शाईनें खोडून ‘अभियान’ लिहीत असे. आमचें सास्तूर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामी राज्यांत होतें. घरोघरच्या बोलींत हे शब्द मुरलेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानें गांव पडलें. ढिगाऱ्यांतून घरचें एक रुमालांत बांधलेलें दप्तर हातीं आलें, तें निम्में चिखल झालेलें. उरलेल्या पानांवर एका ठिकाणीं ‘मुहीम’ होतें. तिच्या मागचा नि पुढचा मजकूर गेलेला. तो शब्द लष्करी कीं घरगुती, हें आतां कधींच ठरणार नाहीं. परंतु तो ‘मुहीम’ आहे, एवढें निश्चित आहे. त्या दिवसापासून तांबडी शाई सुटली.

संग्राहकांस विनंति एवढीच कीं, कागदांत जें अक्षर असेल तें तसेंच उतरावें आणि आपलें मत तळटीपेंत द्यावें. तळटीप चुकली तर पुढचा अभ्यासक ती दुरुस्त करील. बदललेला शब्द मात्र मूळ कागद नष्ट झाल्यावर कोणालाही परत आणतां येणार नाहीं.