अलिनासाठी दोन पाने

गोंदियासारख्या जंक्शनच्या गावी मुलांना निरोप देण्याचे प्रसंग घरोघरी येतात. म्हणूनच आर्वो पॅर्ट या एस्टोनियन संगीतकाराची ‘फ्यूर अलिना’ ही पियानोरचना येथील श्रोत्याला परकी वाटू नये. अनेक वर्षांच्या जवळजवळ मौनानंतर पॅर्टने ती १९७६ साली लिहिली, आईपासून दुरावलेल्या एका तरुण मुलीसाठी.

स्वरलिपी अवघी दोन पानांची. तालाची खूणदेखील नाही. आरंभी खर्जातला सूर पेडलने धरून ठेवलेला असतो. तानपुऱ्याचा षड्ज आठवावा तसा. त्यावर उजवा हात बी मायनरच्या स्वरांतून एकटाच हिंडतो आणि डावा हात त्यातलेच तीन स्वर घेऊन पावलोपावली त्याला सोबत करतो. खंडागणिक एकेक स्वर वाढतो, मग तसाच ओसरतो. एकाच ठिकाणी डावा हात आपले तीन स्वर सोडतो. तेथे पॅर्टने स्वरलिपीत एक फूल रेखाटले आहे. माझ्या मते साऱ्या रचनेची व्यथा त्या एका स्वरात आहे.

चर्चमध्ये की-बोर्ड शिकणारे मूलही हे वाजवील, मग यात थोरवी कसली, असे कोणी विचारील. त्याने वाजवून पाहावे! घाईने घेतलेला स्वर येथे लपत नाही.

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणात अलेक्झांडर माल्टर ही रचना दोनदा, दर वेळी दहा मिनिटांहून अधिक, घोळवून वाजवतो. वादन निर्मळ आहे. तथापि पुनरावृत्तीने विरहाचीही सवय होऊ लागते. मूळची दोन पाने मात्र एकदाच वाजतात आणि थांबतात.